शिट्टीसारखा आवाज

स्टँडवरच्या मित्रांनो, तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून फळ्यावर लिहितो.

आज सकाळी दहाला आजारी आबांना आणि त्यांच्या मुलाला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात निघालो. सोनगीर सोडल्यावर माझ्या जुन्या टॅक्सीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दोनदा थांबून बॉनेट उघडले, पट्टा तपासला.

मुलगा म्हणाला, "दादा, चला ना लवकर."

मी खेकसलो, "इंजिन बसलं तर तू ढकलशील का?"

तिसऱ्यांदा इंजिन बंद केले. आवाज चालूच होता.

मागून आबा हळूच म्हणाले, "भाऊ, गाडी चांगली शे. तो आवाज मनी छातीना शे."

आबांना आता ऑक्सिजन लावला आहे. संध्याकाळी भेटायला जाणार आहे. त्यांच्यासमोर काय बोलू, कुणी तरी सांगा.