अठ्ठेचाळीसची ग्रेस

काकासाहेब म्हस्के यांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याचं वाईट चिंतलं नव्हतं. पुढं जे झालं त्याला एवढी पूर्वतयारी पुरेशी होती.

जाफराबादच्या एका विज्ञान महाविद्यालयात ते हेडक्लार्क. देवधर्म बेताचाच, पण ग्रेस मार्कांवर श्रद्धा दांडगी. पोरगं तीन मार्कांनी अडलं तर तीन मार्क घालून त्याला पुढं ढकलावं, असं खुद्द नियमच सांगतो. हा नियम परदेशात चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हसनाबादचा आदिनाथ जर्मनीतल्या एका विद्यापीठाचा अर्ज घेऊन आला, तेव्हा काकासाहेबांना पहिल्यांदा कळलं की युरोपातल्या देशांनी बसून ठरवलंय: तीन वर्षांची पदवी म्हणजे एकशे ऐंशी क्रेडिट, मग ती कुठल्याही देशातली असो. त्या बैठकीला जाफराबादहून कुणी गेलं नव्हतं. आपली पदवीही तीन वर्षांचीच, पण क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, एकशे बत्तीस.

"अठ्ठेचाळीस कमी पडून राह्यले, काका," आदिनाथ म्हणाला. "कुठून आणायचे?"

"आणायचे कशाला? देऊ की."

कुठल्या विषयाचा किती अभ्यास झाला, याचा दाखला महाविद्यालयानंच द्यायचा होता. काकासाहेबांनी अठ्ठेचाळीस क्रेडिटांची ग्रेस वाटली. पोराला वनस्पतिशास्त्रात पुढं शिकायचं, म्हणून मोठा वाटा वनस्पतिशास्त्राला. पाकीट बंद करून चिकटवलेल्या जोडावर सही केली, सहीवर शिक्का मारला. आदिनाथ गेला, पेढे आले. मंग रांगच लागली. कुणाला हॉलंड, कुणाला पोलंड. ज्याला जो विषय लागेल, तिकडं ग्रेस वळायची. दाखल्याची प्रत काकासाहेब ठेवत नसत. ग्रेसची कुणी प्रत ठेवतं का?

दोन वर्षांनी बियाण्यांचे व्यापारी गोपीकिशन यांची मुलगी पलक आली. आदिनाथनंच तिला आपल्या विद्यापीठाचं नाव सुचवलं होतं आणि सोबत म्हस्के काकांचंही. तिला रसायनशास्त्र घ्यायचं होतं. या वेळी ग्रेस रसायनशास्त्रात गेली.

मे महिन्यातल्या भर दुपारी त्या जर्मन विद्यापीठाचा मेल आला. मजकूर फार अदबीचा होता. एकाच महाविद्यालयाचा, एकाच अभ्यासक्रमाचा वनस्पतिशास्त्राचा पहिला पेपर आदिनाथच्या दाखल्यात अकरा क्रेडिटांचा आणि पलकच्या दाखल्यात चारचा दिसतो. दोन्ही दाखले सोबत जोडले आहेत; दोन्हींवर आपलीच सही आहे. खरा कोणता, ते कृपया चौदा दिवसांत कळवावं. सहकार्याबद्दल आगाऊ आभार.

काकासाहेबांनी आयुष्यात मेमो पचवले होते, संस्थाचालकांच्या शिव्या पचवल्या होत्या. आगाऊ आभार मात्र घशाखाली उतरेनात.

दुसऱ्या दिवशी गोपीकिशन मुलीला घेऊन हजर. "म्हस्के साहेब, घाबरायचं काय त्यात? पलकचा बराबर म्हणून लिहून टाका."

"मंग आदिनाथचा खोटा ठरतो."

"तो तर पोचला ना! पोचलेल्या माणसाला कोण वापस पाठवतं?"

"पाठवतात, पप्पा," पलक म्हणाली. ती आल्यापासून एवढंच बोलली.

संध्याकाळी आदिनाथचा फोन आला. "काका, मलाबी मेल आलाय. प्रबंध जमा करू नका म्हणले. दीड महिना राह्यला होता फक्त."

"जेवलास का?"

"काका, माझा खरा हाय म्हणून लिहा. तिचं तर अजून सुरूबी झालं न्हाई."

"ती बी आपलीच पोरगी हाय रे."

"हाय ना. पण इथं मी हाय."

बारा दिवस काकासाहेबांनी मेलमधले दोन्ही दाखले छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवरची सही सुंदर होती. तेराव्या दिवशी त्यांनी जुनी वेळापत्रकं आणि तासांचे मस्टर काढले, एक तरी दाखला खरा निघेल म्हणून. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा एक वर्ष रिकामीच होती. त्या वर्षीची प्रात्यक्षिकं मस्टरमध्ये सापडली नाहीत, कारण ती झालीच नव्हती.

त्यांनी उत्तर लिहिलं: दोन्ही दाखले चुकीचे आहेत. पदवी एकशे बत्तीस क्रेडिटांची आहे. वाढीव अठ्ठेचाळीस मी मनानं घातले. मुलांना शिक्षा करू नये. खरं बोललं की माणसं चार शब्द सुनावतात आणि सोडून देतात, हा त्यांचा अनुभव. तो सगळा तालुक्यातला होता.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. प्रामाणिकपणाची दखल घेतली होती. पलकचा अर्ज बंद केला होता. आदिनाथचा प्रवेश चौकशी होईपर्यंत स्थगित होता; चौकशीला किती दिवस लागतील ते लिहिलं नव्हतं. आणि खाली एक विनंती होती. असे दाखले आपण आजवर आणखी कुणाकुणाला दिले, त्यांची नावं आणि ते सध्या कोणत्या देशात आहेत, ते कळवावं. तिथल्या विद्यापीठांना आम्ही थेट लिहू. आता आमची व्यवस्था एकच आहे.

काकासाहेबांनी बोटांवर मोजलं. सतरा आणखी. त्यातल्या शीतलला हॉलंडात नोकरी लागून वर्ष झालं होतं.

गोपीकिशन दारात उभे होते. "काय म्हणले, साहेब? सुटलो का?"

"बसा," काकासाहेब म्हणाले. "त्यांना अजून नावं पाहिजेत."