आधी लाथ, मग नमस्कार

तानुबाई जन्मली ती पायांकडून. डोकं आधी बाहेर काढायचं ही जगाची रीत तिला तेव्हाच पटली नव्हती, असं तिचा नवरा पितांबर म्हणायचा. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाची लाथ कंबरेत बसली की धरलेली कंबर सुटते, यावर चाळीसगाव-धुळे रस्त्यावरच्या त्या गावाचा जेवढा विश्वास होता, तेवढा एस.टी.च्या वेळापत्रकावर नव्हता.

आता लाथा मारणारी बाई म्हटली की डोळ्यांसमोर भलतंच काही उभं राहतं. तानुबाई तशी मुळीच नव्हती. अंगणातल्या कोंबडीलासुद्धा ती ‘सरक वं माय’ म्हणून बाजूला करायची. पण सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलंच असे. त्यात वडीलधारी माणसं जास्त, कारण कंबर त्यांचीच धरायची. वडीलधाऱ्याला पाय लावणं म्हणजे पाप, आणि न लावावा तर तो कण्हत घरी जाणार. मग तिनं आपल्यापुरता नियम करून टाकला होता : आधी लाथ, मग नमस्कार. शेजारच्या म्हाताऱ्या हिलालआबांच्या कंबरेत डावा पाय हाणायचा आणि लगेच वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं. “चुकीभुली माफ करज्यात, आबा.” हिलालआबा पडल्यापडल्याच आशीर्वाद देत.

गुण यायचा. खरं सांगायचं तर येणारा माणूस आधीच चार दिवस विटेनं शेकून, निर्गुडीचा पाला बांधून आणि ओव्या-लसणाचं तेल जिरवून आलेला असे. पाचव्या दिवशी तो तसाही उठलाच असता. पण विटेला कोणी नारळ देत नाही. नारळ तानुबाईच्या पायाला मिळत.

त्या गावात एकच बाई अशी होती की जिनं तानुबाईची लाथ कधी खाल्ली नाही. ती म्हणजे तिची सासू, भिकुबाई. म्हातारीचे गुडघे सुजून भोपळे झालेले, कंबर धनुष्यासारखी वाकलेली. रुईची पानं तव्यावर गरम करून बांधून झाली. एरंडाची झाली. आंबेहळदीच्या लेपानं लुगड्याची अर्धी बाजू पिवळी झाली. लसणाच्या तेलाचा घरात असा घमघमाट असे, की आलेला पाहुणा भाजी काय केली म्हणून विचारी. पण सुनेच्या लाथेचं नाव काढलं की म्हातारी उसळायची. “मरन उनं तरी चाली, पन सूननी लाथ नको माले!”

तानुबाईला हे फार लागायचं. सगळं गाव आपल्या पायाशी येतं आणि घरातलंच माणूस तोंड फिरवतं. आत्याबाईंना आपल्या पायाची किळस वाटते, अशीच तिची समजूत झाली होती. एक मात्र नवल होतं. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की घरचे तानुबाईला माजघरात बसवत. तेव्हा भिकुबाईही आत येऊन तिच्याशेजारी घोंगडी पांघरून बसे. विजा थांबेपर्यंत हलत नसे. म्हातारी भित्री आहे, असं सगळे म्हणत.

शहाऐंशी सालच्या वैशाखात तानुबाईच्या चंद्रकलेचं लग्न निघालं. नवरदेव दीपनगरला नोकरीला, वऱ्हाड भुसावळकडून येणार. घरात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट चालला होता. ज्वारीच्या शिजलेल्या पिठाचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवायला तानुबाई वाकली, आणि वाकली ती वाकलीच राहिली. कंबरेत जी चमक भरली, ती तिला सरळही होऊ देईना नि बसूही देईना. तिला तशीच उचलून माजघरात निजवली.

लग्न तीन दिवसांवर आलेलं.

आजवर एकेका नारळात लाथा खाल्लेलं सगळं गाव उपकार फेडायला धावलं. कोणी वीट आणली, कोणी मिठाची पुरचुंडी, कोणी मेथीचे लाडू. हिलालआबांनी निर्गुडीचं अख्खं झुडूप उपटून आणलं. दोन दिवसांत तानुबाईच्या कंबरेवर एवढे थर चढले की खाली कंबर कुठे आहे ते शोधावं लागे. गुण काडीचा नाही. धुळ्याच्या डॉक्टरनं फळीवर निजून राहायला सांगितलं. लाथ हवी होती, पण पंचक्रोशीत पायाळू एकच, आणि ती स्वतःच आडवी पडलेली. आपलीच लाथ आपल्या कंबरेला कशी मारायची, यावर ओट्यावर बराच खल झाला.

संध्याकाळी धाकटी जाऊ कुंदाबाई उशाशी येऊन बसली. “काळजी करू नका, अक्का. कन्यादानले आम्ही बठसूत ना!” बोलताना तिचा आवाज फार मऊ होता. अंगणातल्या दोरीवर तिचा शालू वाऱ्याला टाकलेला तानुबाईला दारातून दिसत होता. एकुलत्या एका लेकीचा हात जावई धरणार आणि पाण्याची धार दुसरीच कोणी सोडणार, या विचारानं तिला रडू फुटलं. रडण्याचा हिसका कंबरेत बसला, तेव्हा ती आणखी रडली.

भिकुबाई कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. एकाएकी ती काठी आपटून उठली. “बठ्ठा बाहेर व्हा!”

माजघर रिकामं झालं. म्हातारीनं आतून कडी घातली, कणगीला धरून सुनेजवळ आली आणि म्हणाली, “पालथी पड.”

“काय करतस, आत्याबाई?”

“मी बी पायाळू शे.”

तानुबाई क्षणभर कंबर विसरली.

“माहेरथीन सांगी धाडेल व्हतं, सासरी बोलू नको, लोके ईजले घाबरतस. मी नही बोलनू. मंग मनी सासूनी कंबर धराई गयी. वरीसन् वरीस कन्हे ती. रोज मनमा ये, आज सांगसू. आनि रोज ती असं काही टोची बोले, की मी म्हने, ऱ्हाऊ दे, सकाय सांगसू. एक दिन ती गयी. मनी लाथ मनापाशीच ऱ्हायनी. मी कोनले दिधी नही, मंग तुनापाशीन कोनता तोंडे मांगू?”

आजवर जिला आपण किळस समजत होतो ती लाज होती, हे तानुबाईला उमगलं आणि तिचा जीव कळवळला. पण कळवळायला म्हातारीनं सवड दिली नाही. तिनं पाय उचलला. उभ्या आयुष्यात सराव नसल्यानं पहिली लाथ हुकली आणि पितळी डब्यावर बसली. बाहेर कुंदाबाईनं तो आवाज ऐकून देवाचं नाव घेतलं. दुसरी मात्र नेमकी बसली. कंबरेत कट्कन वाजलं. लाथेनं वाजलं, निर्गुडीनं वाजलं, की सासूची लाथ खाल्ल्याच्या धसक्यानं, ते देव जाणे. तानुबाई हातावर रेलली, गुडघ्यावर आली आणि उभी राहिली.

“आते तुमी,” ती म्हणाली.

म्हातारीनं काठी कणगीला टेकवली. मग सुजल्या गुडघ्यांना शिव्या देत हळूहळू पालथी झाली. तानुबाईनं फूल ठेवावं तसा पाय ठेवला.

“अशी नको. हिलालले मारस तशी मार. मनातला राग व्हई तो बी काढी ले.”

“राग नही, आत्याबाई.”

“खोटं बोलू नको. मी बी सून व्हतू.”

तेव्हा तानुबाईनं मारली. राग नाही म्हणाली होती, पण थोडाफार निघाला असावा, कारण म्हातारी कळवळून ‘माय वं!’ ओरडली. मग नियमाप्रमाणे तानुबाई वाकली. दोन दिवस न हलणारी कंबर पूर्ण वाकली, आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवून ती बराच वेळ तशीच राहिली.

दार उघडलं तेव्हा दोघी उभ्या होत्या. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं. “वीट शेकी,” भिकुबाई म्हणाली. कुंदाबाईनं दोरीवरचा शालू काढून घडी घातली.

कन्यादानाला तानुबाईच पाटावर बसली. भिकुबाई मागे भिंतीशी होती. गुडघे तिचे सुजलेलेच होते, पण पाठ मात्र बऱ्याच वर्षांनी सरळ दिसत होती.

वरात गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हिलालआबा ओट्यावर हजर. आदल्या दिवशी पंगतीत वाढता वाढता त्यांची कंबर पुन्हा धरली होती. तानुबाई पदर खोचून बाहेर निघाली, तोच आतून काठीचा आवाज आला.

“तानु, तू ऱ्हाऊ दे. तू थकेल शे. मी येस.” आणि ओसरीवर जमलेल्या सगळ्या पाहुण्यांदेखत भिकुबाईनं चौकट धरून पाय उचलला. “पड रे हिलाल, पालथा. आनि नंतरना नमस्कार तू कर. मी मोठी शे.”