चिलखतातला साहेब

छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, आर्णीकडच्या घरातला देव्हारा उठला, आणि त्या मोकळ्या भिंतीवर वडिलांनी एक गोरा साहेब टांगला. वडील राजूरच्या कोळसा खाणीत चौकीदार होते, तेव्हा विलायतेला परतणाऱ्या मॅनेजरनं अडगळीत फेकलेलं ते चित्र. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं. कुरळ्या केसांचा टोप, अंगभर चिलखत, एक हात कमरेवर, दुसऱ्यात सेनापतीचा दंडा. मागं धुरातली लढाई, सैनिक मुंग्यांएवढे. नुसत्या काळ्या रेघांनी पोलाद असं चमकवलं होतं, की बघणारा आपसूक मागं सरायचा.

वडील दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होते. हाच त्यांचा साहेब, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. वडिलांनी ते खोडलं नाही. "काहून बे, ढोर मेलं, ओढाले चाल," म्हणत पाटलाचा माणूस यायचा, पण दारात वर नजर गेली की त्याचा आवाज उतरायचा.

"तुहा सायेब हाय काय अजून?"

"हाय ना. पत्र येते त्याइचं," वडील ठोकून द्यायचे. त्या भीतीनंच आमचं ते काम टळत होतं.

पुढं मी नागपूरला चित्रकला शिकायला गेलो. तिथं जुन्या छापचित्रांचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. तेच चिलखत, तोच दंडा, तोच धूर, चेहरा मात्र भलत्याचाच! पुढच्या पानावर आणखी तिसऱ्याचा. सर म्हणाले, सत्ता पालटली की पत्र्यावरचं तोंड तेवढं घासून नवं कोरायचे. बाकी रुबाब तोच. मी पुरता हादरलो. ज्याच्या जिवावर आम्ही ताठ उभे होतो, त्याचं धडसुद्धा त्याचं नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते उठून चित्राजवळ गेले.

"म्हंजे मुंडकं कोनाचंबी चालते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच काढली, पलटणीतला स्वतःचा फोटो कात्रीनं कापला आणि साहेबाच्या तोंडावर खळीनं चिकटवला.

"बाबा, काय करून राह्यले हे!" मी ओरडलोच. एवढं जुनं चित्र नासवलं, म्हणून मला भयंकर राग आला.

पोळा झाल्यावर पाटलाचा माणूस आला. त्यानं वर बघितलं. आता हा खो-खो हसणार आणि उद्यापासून आम्ही पुन्हा ढोरं ओढणार.

तो हसला नाही. एकदा चित्राकडे, एकदा वडिलांकडे बघून त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

"काय काम काढलं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाई," तो म्हणाला. "तुमी बसा. सहज आलतो."

वडिलांना गावात कुणी 'तुमी' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.