शालिग्राम शिंप्याचा घोळदार लेंगा

पारोळ्याचे शालिग्राम आबा शिंपी नजरेनेच माप घ्यायचे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर आबांना कळलेली असे. पण साठी ओलांडली आणि त्यांचे स्वतःचेच माप बिघडले. अंडकोशाची एक बाजू सुजली. दुखेना, खुपेना, नुसती वाढत राहिली. आबांनी कुणाजवळ ब्र काढला नाही. लेंग्याचा घोळ तेवढा वाढवला. कुणी विचारलेच तर म्हणायचे, "इंदूरकडली नवी फॅशन शे."

त्यांची बायको झुंबरबाई. तिने तो लेंगा वाळत घातला तर दोरीवर दुसरा कपडा मावेना.

"हाऊ लेंगा शे का तंबू?" तिने विचारले.

आबा मशीनवर तिरके का बसतात, हेही तिने विचारले, तेव्हा आबांचा धीर सुटला आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. वाईट गाठ असेल, या भीतीने ते आतून पोखरले होते. झुंबरबाईने दुसऱ्याच सकाळी त्यांना एसटीत घातले आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"पोटमां दुखस," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी पोट दाबले. "इथे?"

"जरासं खाले."

"इथे?"

"आजून खाले."

डॉक्टर ओळखून चुकले. झुंबरबाईला बाहेर बसवून त्यांनी खिडक्या लावल्या, सूज बोटांनी चाचपली आणि मागून बॅटरी धरली. आबांनी वाकून पाहिले, तर आत लालसर उजेड! ते दचकलेच.

"घाबरू नका," डॉक्टर हसले. "उजेड आरपार जातोय, म्हणजे आत पाणी आहे. ही अंडवृद्धी. आतलं अंडही नीट आहे, वाईट गाठ नाही. ऑपरेशन करून पाणी काढू."

आबा बरे होऊन आले आणि मापातले लेंगे घालू लागले. तेव्हा शेजारचे किराणावाले प्रकाशचंद शेठ हळूच आले. "आबा, ती इंदूरची फॅशन... मलाही एक शिवा. जरा सैलच ठेवा."

आबांनी कात्री खाली ठेवली. "शेठ, धुळे चाला मनासंगे."

डॉक्टरांनी शेठलाही बॅटरी लावली. अंधार तो अंधारच.

"मना दिवा लागना व्हता, तुम्हना नही लागना, शेठ!" आबा हळहळले.

"खोका," डॉक्टर म्हणाले. शेठ खोकले तशी सूज टरारली. आडवे झाल्यावर ओसरली. "आतडं उतरलंय. हा अंतर्गळ. अडकलं तर जिवावर बेतेल, टाळू नका."

शेठचेही ऑपरेशन झाले. धुळ्याला जाताना त्यांनी आबांना गुपित ठेवण्याची शपथ घातली होती. बरे झाल्यावर मात्र ते स्वतःच गूळ तोलता तोलता पिकल्या केसांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणू लागले, "जरा खोकून दाखवा बरं."