रंगूचा डावा डोळा

पडदा हळूहळू वर जाऊ द्या. ही चौलमधली माझी वाडी. सकाळचं तिरपं ऊन, पाटाचं पाणी, आणि चाळीस फुटांवर पोफळीच्या शेंड्याशी, पायात दोरीचा फास अडकवलेला रंगू.

साठीला टेकलेला हा गडी एका झाडाच्या सुपाऱ्या काढल्या की खाली येत नाही. झाडाला झोका देतो आणि झुकल्या शेंड्यावरून शेजारची पोफळ धरतो. उतरून पुन्हा चढणं हे त्याच्या लेखी शिकाऊ पोरांचं काम. उभ्या आयुष्यात मी रंगमंचावर इतक्या वेळा प्रवेश केला, पण असा एकही मला साधला नाही.

वर्षभर त्याचा डावा डोळा गळत होता. गडी चिडवत, "रंगूकाका, कोणासाठी रडताय?"

"तुझ्या सासूसाठी. जावई असा मिळाला ना!"

त्या कार्तिकात पाण्यानं फारच धूसर दिसायला लागलं, म्हणून त्यानं डोळ्यावर रुमाल बांधला आणि तसाच चढला. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही, हे त्याला कोण सांगणार? झोका घेतला, हात टाकला, आणि मूठ हवेतच मिटली.

दुसरा हात आणि पाय पहिल्या झाडाला होते, म्हणून वाचला. झाड त्याला घेऊन झुलत राहिलं. खाली सुपाऱ्या वेचणारी त्याची मुलगी दिशा नुसतं वर बघत होती.

"रंगू, उतर!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दाबला, तर पू आला. त्याच कोपऱ्यात बारीक पिचकारीनं पाणी सोडलं, ते नाकातून घशात न उतरता उलटं बाहेर आलं.

"डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी बुजलीय," त्या म्हणाल्या. "या वयात आतल्या सुजेनं होतं असं. थेंबांनी ती उघडणार नाही. ऑपरेशन करून नाकात नवी वाट काढावी लागेल. टाळलंत तर तिथली आसवांची पिशवी सुजून आणखी पिकेल."

"झाडावर चढू ना मंग?"

"तीन महिन्यांनी बघू. नाक जोरानं शिंकरायचं नाही. आणि क्वचित ती वाटही बुजते, हे आधीच सांगते."

दिशा म्हणाली, "बाबा, डोळा बरा न्हाय झाला, तर झाड बंद. मी कुऱ्हाड घेऊन बुंध्याशी उभी राहीन."

ऑपरेशन झालं. नवी वाट उघडी राहावी म्हणून नाकात बसवलेली बारीक नळी पुढे निघाली, डोळा कोरडा झाला, बाईंनी परवानगी दिली. माघ सरता सरता रंगू पुन्हा पोफळीवर होता. खाली दिशा, मी, सगळे गडी.

त्यानं झोका दिला. एकदा. दोनदा. शेजारचा शेंडा जवळ आला, तरी हात पुढे होईना. झाड मागे गेलं. दिशानं माझं मनगट आवळलं. तिसऱ्या झोक्याला हात सुटला आणि रंगू झावळ्यांत दिसेनासा झाला. वर नुसती सळसळ. मग कोयत्याचा खटका ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग रंगूचा आवाज.

"अगो दिशा, बाजूला हो, घड येतोय!"