कानातला कापूस

संध्याकाळी शेजारच्या घरातून ओव्याच्या धुरीचा वास आला, म्हणून मी डोकावले. नंदा बाळंत होऊन आठवडा झाला होता. बाळ दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातच दगावलं. तरी तेल लावणाऱ्या सखूबाई रोज येतात. "बाळ नसलं तरी ती बाळंतीणच की गं," त्या मला म्हणाल्या. खरंच, शरीराला ही बातमी कोण सांगणार? ते वेडं अजून दुधानं भरून येतंय.

शेक झाला, पोट बांधून झालं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं बाळ रडू लागलं. "वारं लागेल," म्हणत सखूबाईंनी घाईघाईनं नंदाच्या कानांत कापसाचे बोळे घातले, वर रुमाल घट्ट बांधला. "नीज आता."

त्या शेगडी उचलायला वळल्या, तशी नंदानं रुमाल सरकवला, एका कानातला बोळा काढला आणि डोळे मिटून ती ऐकत राहिली.