शामीने उस्ताला मतदानाला नेलं

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. जेद्दाला निघालो तेव्हा बायकोने बॅग भरता भरता बजावलं होतं, "तिकडे तोंड सोडू नका. इथे भांडलात तर शेजारी अबोला धरतात, तिथे इकामा जातो." इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की माणूस दुसऱ्या दिवशी विमानात. म्हणून मी इथे दात दाबून काम करायला शिकलो. पण त्या वर्षी तुर्कस्तानच्या निवडणुकीने माझी जी दातखीळ बसवली, तशी कुठल्या कफिलालाही, म्हणजे परवाना ज्याच्या हातात त्या सौदी मालकालाही, जमली नव्हती.

आता म्हणाल, रायगडच्या सुताराचा तुर्कस्तानच्या निवडणुकीशी संबंध काय? सांगतो.

आमचं वर्कशॉप जेद्दाच्या दक्षिणेला, गॅरेजांच्या रांगेत. सौदी घरांत पाहुण्यांसाठी मोठी मजलिस, म्हणजे बैठकीची खोली असते, तिच्यासाठी आम्ही भिंतभर लांबीचे सोफे करायचो. लाकडी सांगाडा माझा. माझा हात होड्या बांधण्यात तयार झालेला, त्यामुळे माझा सांधा कधी कुरकुरला नाही. त्यावर फोम आणि कापड चढवणारा सीरियाचा. सीरियाच्या माणसाला इथे शामी म्हणतात, आम्हीही त्याला शामीच म्हणायचो. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर एक तुर्की उस्ता. उस्ता म्हणजे आपला उस्ताद, कारागिरांतला थोरला. नावाला जागा कफिलाची, पण तो महिन्यातून एकदा येऊन गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पिऊन जायचा. माणूस ठेवायचा की काढायचा, हे उस्ताच ठरवायचा.

उस्ता वाईट होता असं मी म्हणणार नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे. सरळ सरळ हरामखोर असता तर बरं झालं असतं. लढाईत शामीचं घर पडलं, त्याची म्हातारी आई आणि विधवा बहीण हद्द ओलांडून तुर्कस्तानात गेल्या. ते हद्दीजवळचं शहर नेमकं उस्ताचं. तिथे उस्ताचं दुमजली घर, खाली त्याची बहीण राहायची, वरचा मजला रिकामा. उस्ताने आपण होऊन तो म्हातारीला दिला. भाडंही बेताचं. शामी त्याच्यासाठी जीव टाकायचा. सकाळी उस्ताचा चहा त्याने केला नाही असा दिवस मी पाहिला नाही.

मग त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही, दुसरी फेरी ठरली. पहिल्या फेरीपर्यंत उस्ता महागाईवर बोलायचा, कांद्यावर बोलायचा, अगदी आपल्याकडच्यासारखं. दुसऱ्या फेरीआधी कांदा बाजूला पडला आणि सीरिया आला. शेजारच्या देशाच्या भांडणात पडायचं की नाही, तिथल्या सरकारशी बोलणी करायची की नाही, आणि मुख्य म्हणजे तिथून आलेल्या लोकांचं काय करायचं. खुर्चीवर बसलेल्याने या लोकांना देशात घेतलेलं, आता तोही म्हणायला लागला, हळूहळू पाठवू. समोरचा म्हणत होता, मी आलो की सगळे परत. उस्ताच्या मोबाइलवर दिवसभर तीच भाषणं चालू. शामी स्टेपल गन हातात घेऊन ऐकत राहायचा. त्याला तुर्की चांगलं कळायचं.

एका दुपारी आम्ही तिघं एकाच परातीत भात खायला बसलो होतो. शामीने घास घेतलाच नाही. म्हणाला, "उस्ता, तुझ्याकडे मत आहे आणि माझ्याकडे आई आहे. त्या माणसाला देऊ नकोस."

अरबीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यामुळे ते उद्धट वाटलं नाही. उस्ताने परातीच्या कडेची भाकरी उचलली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "या अन्नाची शपथ. तुझ्या आईच्या विरुद्ध माझं मत जाणार नाही." त्यांच्याकडे भाकरीवर हात ठेवून खोटं बोलणं म्हणजे हद्द झाली. शामीने ती भाकरी घेतली, तिचं चुंबन घेतलं, कपाळाला लावली आणि मगच जेवला.

मतदान जेद्दातच होतं, त्यांच्या वकिलातीत. उस्ताच्या डोळ्यात मोतीबिंदू, तो गाडी चालवायचा नाही. वर्कशॉपचा पिकअप शामीकडे. म्हणजे उस्ताला मत द्यायला घेऊन जाणार कोण, तर शामी. त्याने पिकअप आदल्या दिवशी धुतला. सीटवर नवं कापड चढवलं, मजलिसच्या उरलेल्या तुकड्यातलं, मरून रंगाचं. मला म्हणाला, "तूही चल, यल्ला, आज ईद आहे." मी गेलो.

वकिलातीबाहेर लग्नाला यावी तशी गर्दी. बायकामुलं नटूनथटून आलेली, झेंडे, फोटो. उस्ता इस्त्रीचा शर्ट घालून आत गेला. बाहेर गाडी उभी करू देईनात, पोलीस हाकलत होते. मी म्हटलं, "लांब लावू कुठेतरी, येईल तो चालत." शामी ऐकेना. मत देऊन आलेल्या माणसाला उन्हात चालायला लागू नये म्हणून तो पठ्ठ्या पिकअप घेऊन चकरा मारत राहिला, एसी लावून, म्हणजे उस्ता आत बसेल तेव्हा गाडी गार असेल. प्रत्येक चकरेला दाराकडे मान वळवून बघायचा. मी हसलो त्याला. म्हटलं, "नवरदेव आत गेलाय काय रे?" तोही हसला.

उस्ता बाहेर आला तो खुशीत. सीटवर टेकला, पाठ मागे टाकली, म्हणाला, "खलास. काम झालं." शामीने भर रस्त्यात गाडी थांबवून त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. शामीने तिथूनच आईला कळवलं. म्हातारीचा व्हॉइस मेसेज लगेच आला, त्याने स्पीकरवर लावला. म्हातारी उस्ताला दुवा देत होती: अल्ला तुझ्या घराला बरकत देवो, तुझ्या डोळ्यांना उजेड देवो, तू जसं माझं छप्पर राखलंस तसं तो तुझं राखो. उस्ताने दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाला, "आमीन."

दुसऱ्या दिवशी शामी फोम आणायला गेला होता. मी रंधा मारत होतो. उस्ता जवळ येऊन उभा राहिला आणि हवापाण्याची गोष्ट करावी तसा म्हणाला, "मी दुसऱ्याला दिलं."

"कुणाला?"

"परत पाठवतो म्हणणाऱ्याला."

माझ्या हातातला रंधा थांबला. म्हटलं, "अरे, भाकरीवर हात ठेवला होतास ना तू?"

"त्याचं मी आणि अल्ला बघून घेऊ. शामी माझा भाऊ आहे. पण मत भावासाठी द्यायचं नसतं, देशासाठी द्यायचं असतं. तुमच्या गावात बाहेरचे लोक येत नाहीत?"

"येतात. आमच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत."

"ते बायकापोरं घेऊन कायमचे राहिले, तुझ्या पोराला भाड्याने घर मिळेना, तर तू काय करशील?"

"जे करीन ते तोंडावर करीन," मी म्हटलं. "दुवा घेणार नाही वर." आणि मग जी सुटली माझी जीभ. तुला लाज कशी वाटत नाही, म्हातारीच्या दुवेला आमीन म्हणताना जीभ कशी झडली नाही, सगळं. निम्मं मराठीतच गेलं. शेवटी म्हटलं, "तू सांग त्याला. नाहीतर मी सांगतो."

उस्ताला राग आला नाही. त्याने माझ्या रंध्यावरचा भुसा फुंकला. म्हणाला, "सांग. तुझ्यासारखाच तापट आहे तो. माझ्या अंगावर येईल. मग मला त्याला काढावं लागेल. काढला की इकामा गेला. इकामा गेला की त्याला पाठवणार कुठे? विचार कर."

मी विचार केला. त्याला पाठवणार कुठे, हे मला चांगलं माहीत होतं. च्यायला, माझं हे एवढं मोठं तोंड त्या माणसाने एका वाक्यात शिवून टाकलं.

त्यानंतर रोज तेच. म्हातारी रोज मेसेज पाठवायची, शामी चहाच्या वेळी स्पीकर लावायचा, म्हातारी उस्ताच्या डोळ्यांसाठी दुवा मागायची आणि उस्ता चहाचा पेला खाली ठेवून "आमीन" म्हणायचा. मी उठून बाहेर जायचो. शामी म्हणायचा, "तुला काय झालंय? हल्ली चहा सोडून पळतोस." मी म्हणायचो, पोट बिघडलंय.

निकाल लागला. खुर्चीवर होता तोच परत आला, उस्ताचा माणूस हरला. शामीने कुनाफ्याचा, त्यांच्याकडच्या मिठाईचा, अख्खा ट्रे आणला आणि पहिला घास उस्ताला भरवला. "तुझ्या मताने झालं," म्हणाला. उस्ताने तो घास चावला, गिळला आणि पाणी मागितलं. मला वाटलं, चला, संपलं. मत वाया गेलं, म्हातारीचं छप्पर वाचलं, आता हे मढं माझ्या पोटातच पुरून टाकू.

कसलं काय! उन्हाळा सरत आला तेव्हा उस्ताच्या बहिणीने म्हातारीला जागा खाली करायला सांगितली. माझ्या देखत उस्ता बहिणीशी फोनवर बोलला होता. तुर्की मला येत नाही, पण "सुरियेली", म्हणजे सीरियन, हा शब्द कळतो, आणि हात झटकलेला कळतो. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सरकार पाठवत नाही तर आपण काय जन्मभर बसवून ठेवायचं? घर तर माझं आहे."

शामी उस्ताकडेच आला. धावून कुणाकडे जाणार दुसऱ्या? उस्ताने कपाळाला आठ्या घातल्या, बहिणीला शिव्या घातल्या, "बायका ऐकत नाहीत" म्हणाला. बघतो म्हणाला. बघितलं काहीच नाही. त्या शहरात सीरियन म्हटलं की लोक दार लावायला लागले होते. म्हातारीला घर मिळेना. शेवटी शामीची बहीण म्हणाली, इथे रस्त्यावर मरण्यापेक्षा आपल्या पडक्या घरात मरू. स्वखुशीने जातोय असं त्यांनी लिहून दिलं आणि दोघी हद्दीवर जाऊन बसल्या.

त्या दिवशी चहाच्या वेळी म्हातारीचा मेसेज आला. मागे बसचे हॉर्न, कुणाचं तरी मूल रडत होतं. शामीने फोन लाकडाच्या फळीवर, आम्हा तिघांच्या मध्ये ठेवला. म्हातारी म्हणत होती, उस्ताला माझा सलाम सांग. त्याची बहीण फिरली, त्याचा काय दोष? त्याने तर आमच्यासाठी आपलं मत दिलं, एवढं कोण करतं परक्यासाठी? अल्ला त्याच्या डोळ्यांना उजेड देवो आणि म्हातारपणी त्याला घराबाहेर न काढो.

उस्ताने पेला खाली ठेवला. "आमीन."

मी उठायला लागलो तर शामीने माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "आज तरी पळू नकोस. ती माझी आई आहे. तूही म्हण."

उस्ता माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "आमीन."